वॉरंटीच्या मोहितेबाई

मोहितेबाई कुठलंही वॉरंटी कार्ड मागच्या बाजूने वाचायला सुरुवात करायच्या. पुढच्या बाजूला हसरं कुटुंब, चकचकीत यंत्र आणि ठळक अक्षरांत वर्षांचा आकडा असायचा. त्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. कार्ड उलटं करायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, बारीक अक्षरांतला मजकूर डोळ्यांजवळ नेऊन ओठ न हलवता वाचायचा, आणि मग म्हणायचं, "नाही कुठे म्हटलंय ते आधी बघायचं. हो तर सगळेच म्हणतात."

हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्याची ऐन वर्षं त्यांनी ही 'नाही' लिहिण्यातच घालवली होती.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मिक्सर, इस्त्र्या आणि गिझर बनवणारी एक कंपनी होती. तिच्या ग्राहक-सेवा विभागात मी नोकरीला लागले तेव्हा मोहितेबाई तिथे मुरलेल्या होत्या. सुलभा मोहिते हे त्यांचं पूर्ण नाव, पण मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत; गुजराती मंडळी 'मोहितेबेन'. उंच, सडपातळ, केस घट्ट मागे बांधलेले. विभागाच्या दारावर 'सेवा' असा शब्द होता. बाईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं की दारावर काय लिहिलंय ते विसर, आपलं काम दावे नाकारण्याचं आहे, आणि तेही असं की माणसाला पुन्हा पत्र लिहावंसं वाटू नये.

या कामात त्या निष्णात होत्या. त्यांची पत्रं अतिशय सभ्य असत. गैरसोयीबद्दल खेद, ग्राहकाच्या विश्वासाबद्दल आभार, आणि मधे कुठेतरी एक वाक्य, ज्यात दावा मरून पडलेला असे. त्यांचा लाडका शब्द होता 'शक्यता'. यंत्रात पाणी गेल्याची शक्यता. विजेचा दाब कमीजास्त झाल्याची शक्यता. मी एकदा विचारलं की आपण तर यंत्र पाहिलंही नाही, मग असं कसं लिहायचं? त्या म्हणाल्या, "पाणी गेलं असं लिहिलं तर सिद्ध करावं लागतं. शक्यता आहे म्हटलं की कुणी खोडू शकत नाही."

सावली गावाहून एकदा एक माणूस मिक्सर पिशवीत घालून घेऊन आला. मोटर जळली होती. वापर घरगुतीच आहे, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. बाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. मिक्सरचं भांडं नाकाजवळ नेलं, झाकण लावून बाजूला ठेवलं आणि गुजरातीत त्याच्या घरच्यांची चौकशी सुरू केली. बायकोच्या हाताला चव आहे का, चटणी कशी करते, एवढी घासलेली पाती म्हणजे घरात माणसं बरीच दिसतात. तो खूश झाला. बायकोच्या लसणीच्या चटणीला एस.टी. स्टँडजवळच्या दोन हातगाड्यांवर काय मागणी आहे ते त्याने स्वतःच सांगून टाकलं. झालं, वापर व्यावसायिक ठरला. तो मिक्सर पुन्हा पिशवीत घालून गेला. त्याची पाठ वळल्यावर बाई म्हणाल्या, "चांगला माणूस होता. चांगली माणसं खरं बोलतात, म्हणून त्यांना नाही म्हणणं सोपं जातं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता आणि पश्चात्तापही नव्हता. रस्त्यात खड्डा आहे हे एखाद्याने सांगावं तसं त्या सांगत. पुढे कंपनीने त्यांना उत्कृष्ट कामाबद्दल आमचीच एक इस्त्री बक्षीस दिली. वर्षाच्या आत ती बंद पडली. बाईंनी ती कंपनीत आणलीच नाही. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाकली. मी आश्चर्य दाखवलं तर म्हणाल्या की इथे दावा केला तर पत्र कोण लिहिणार आहे ते मला माहीत आहे.

नंतर सगळंच बदललं. बाजार खुला झाला, परदेशी माल दुकानांत दिसू लागला, आमच्या कंपनीत बाहेरचा भागीदार आला. तक्रारींची पत्रं बंद होऊन फोन सुरू झाले, आणि ते फोन दुसऱ्याच शहरात कुणीतरी पोरं उचलू लागली. आमच्या विभागातल्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. तिच्यात स्वेच्छा फारशी नव्हती. मी एका शाळेच्या कार्यालयात चिकटले. बाई घरी बसल्या.

त्याआधीच त्यांनी मला मांजलपूरला त्यांच्या सोसायटीत फ्लॅट मिळवून दिला होता. त्यामुळे पुढचं जे काही घडलं, ते मला जिन्याच्या एका मजल्याच्या अंतरावरून दिसलं.

घरात त्या आणि त्यांचे यजमान वसंतराव. मुलगा अभय कॉम्प्युटरच्या नोकरीत बंगळूरला. मोहित्यांचे पूर्वज इथल्या संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. त्यातलं वसंतरावांकडे एवढंच उरलं होतं की ते चालताना पाठ ताठ ठेवत. त्यांची नोकरी सावली रस्त्यावरच्या एका कारखान्यात झाली, जनरेटर तपासण्याच्या खोलीत. दिवसभर यंत्रांची घरघर. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले तर इंजिनातला दोष ऐकू येत नाही, म्हणून वसंतराव घालत नसत. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान जवळजवळ गेले. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राशिवाय इलाज नाही.

बहिरा माणूस घरात असला की घराचा आवाज बदलतो. बाई ओरडून बोलत, वसंतराव त्याहून मोठ्याने "काय?" म्हणत. भाजीत मीठ कमी आहे हे तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं. हळूहळू बाईंनी दोन आवाज ठेवले. एक त्यांच्यासाठी, मोठा आणि कामापुरता: जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा. दुसरा नेहमीचा, ज्यात त्या मनातलं बोलत. नवरा समोर बसलेला असतानाही तो दुसरा आवाज चालू असे, कारण त्याला तो पोचत नसे. फोनवर बहिणीशी, माझ्याशी, कामवालीशी, कधी नुसतं भांड्यांशी. त्यात वसंतरावांबद्दल जे असायचं ते गोड नसायचं. त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, उभा जन्म ओरडण्यात गेला, याच धर्तीवरचं. ऐकताना मला अवघडायला व्हायचं. वसंतराव समोर पेपर वाचत असत, मधेच वर बघून माझ्याकडे हसत.

इंटरनेटवर खरेदी सुरू झाली तेव्हा सोसायटीला बाईंचा शोध लागला. अभयने आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता आणि बाई तो शिकल्या होत्या. परदेशातल्या दुकानांची पानं उघडायची, निम्म्या भावात वस्तू दिसायच्या, त्यावर 'जगभर वॉरंटी' असा शिक्का, आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग कुणीतरी म्हणायचं, एकदा वॉरंटीच्या मोहितेबाईंना दाखवा. हे नाव त्यांना सोसायटीनेच दिलं. थोडं गरजेपोटी, थोडं टिंगलीत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. विकणाऱ्याचा पत्ता आहे का, आणि तो दुकानाचा आहे की नुसत्या टपालपेटीचा? फोन आहे तर उचलतं कोण? लोकांनी केलेली स्तुती एकाच आठवड्यात एकाच हाताने लिहिल्यासारखी आहे का? परत करायची मुदत माल निघाल्यापासून मोजतात की हातात पडल्यापासून? बिघडला तर परत पाठवायचं भाडं कोणाचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बनवणाऱ्या कंपनीला सरळ ई-मेल करून विचारायचं की हा माणूस तुमचा अधिकृत विक्रेता आहे का आणि याने विकलेली वस्तू तुम्ही भारतात दुरुस्त कराल का. "वॉरंटी दुकानदार देत नाही," त्या म्हणायच्या. "तो फक्त शब्द देतो. वॉरंटी देणाऱ्याला तुम्ही त्याच्या खिजगणतीत तरी आहात का ते विचारा."

शेजारचे बिपीनभाई हाँगकाँगच्या एका साइटवरून कॅमेरा मागवणार होते. बाईंनी दोन दिवस बसून सगळं तपासलं आणि नको म्हणून सांगितलं. विक्रेता अधिकृत नाही, बिघडला तर इथे कुणी हात लावणार नाही. बिपीनभाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि घरी जाऊन कॅमेरा मागवला. तो आला, उत्तम निघाला. नवरात्रात सोसायटीच्या गरब्याचे फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून त्यांनी खालच्या फलकावर लावले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "मोहितेबेन बहु शंका करे छे." बेन फार शंका घेतात. बाई फलकासमोर उभ्या राहून फोटो बघत होत्या. मला म्हणाल्या, फोटो छान आले आहेत. मग जिना चढता चढता म्हणाल्या की चालतंय तोवर वॉरंटी कुणालाच लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे कमी येऊ लागले. आणि अभयच्या हातात एक उदाहरण आलं.

वसंतरावांच्या कानाच्या यंत्राचं काय, हा प्रश्न त्या घरात दोन वर्षं तसाच पडून होता. पैशांची अडचण नव्हती. अडचण बाईंची होती. शहरातच अकोट्याला अशा यंत्रांचं एक केंद्र होतं, तिथे तपासणी झाली, अहवाल आला. पण तिथला विक्रेता वॉरंटीच्या कागदावर सही करताना जरा घुटमळला, म्हणून बाईंना संशय आला. मग दुसरं केंद्र. तिथे यंत्राची दुरुस्ती मुंबईला होते म्हणाले. किती दिवस लागतात त्याचं उत्तर नीट मिळालं नाही. मग तिसरं. दरम्यान नवीन प्रकारची यंत्रं आली, त्यांची माहिती काढायला पुन्हा सुरुवात. वसंतराव कधी काही म्हणाले नाहीत. केंद्रातून परतताना रिक्षात ते बाहेर बघत बसत. एकदा फक्त मला म्हणाले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, "आमच्या हिला पटेपर्यंत मी वर जाणार." बाई बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या की कानात घालायची वस्तू आहे, मिक्सर नाही.

शेवटी अभय गणपतीत सुट्टीवर आला आणि त्याने एका परदेशी साइटचं पान आईसमोर उघडलं. अहवाल पाठवला की ते त्यानुसार यंत्र जुळवून पाठवतात, किंमत इथल्यापेक्षा कितीतरी कमी, तीन वर्षांची जागतिक वॉरंटी. बाईंनी पान खालून वाचायला घेतलं. पत्ता टपालपेटीचा होता. फोनवर ध्वनिमुद्रित आवाज. बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी ई-मेल लिहिला. तीन दिवसांत उत्तर आलं की हा विक्रेता आमच्या यादीत नाही.

बाईंनी ते उत्तर छापून अभयसमोर ठेवलं. मी तेव्हा त्यांच्याकडे चकल्यांचा सोऱ्या परत द्यायला गेले होते. अभयने कागद वाचलाही नाही. तो शांतपणे म्हणाला, "आई, तू बरोबर असशील. पण तू बरोबर असताना बाबा दोन वर्षं बहिरे आहेत."

बिपीनअंकलच्या कॅमेऱ्याचं काय झालं ते आपण पाहिलं, असं तो पुढे म्हणाला, पण ते त्याने म्हटलं नसतं तरी चाललं असतं. त्याने बंगळूरला परत जाऊन यंत्र मागवलं, आणि ते आलं. आणि ते चाललं.

तो दिवस मी विसरणार नाही. कानामागे एक करडा तुकडा, कानात बारीकशी नळी. वसंतराव खुर्चीत ताठ बसले होते. बाई स्वयंपाकघरात होत्या, कुकरची शिट्टी झाली आणि ते दचकले. मग हसले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच आमच्या लक्षात आलं की त्यांचा खरा आवाज हळू आहे, चांगला आहे, थोडासा घोगरा. इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो तो त्यांचा आवाज नव्हताच.

ते खाली जाऊन बाकावर बसू लागले. बिपीनभाईंशी राजकारणावर वाद घालू लागले, गुजरातीत, चुका करत. अभयला फोन लावून नुसतंच हवापाण्यावर बोलायचे, कारण बोलता येत होतं. बाई याकडे बघत असत. माझ्याशी त्या एकदाच यावर बोलल्या. बॅटरी टिकते आहे बरी, एवढंच.

दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला मदत करत होते. वसंतराव बाहेरच्या खोलीत होते. बाईंच्या बहिणीकडे काहीतरी भांडण झालं होतं, त्यावरून विषय निघाला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बाई त्या दुसऱ्या आवाजात बोलायला लागल्या. मी डोळ्यांनी बाहेरच्या खोलीकडे खुणावलं, पण त्यांचं लक्ष पोळपाटाकडे होतं. लग्न ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही. माणूस वाईट नाही, पण त्याच्याशी आपलं कधी काही जमलंच नाही. आणि मग म्हणाल्या, "अभय होता म्हणून राहिले गं मी. नाहीतर केव्हाच निघून गेले असते."

बाहेरून आवाज आला. मोठा नव्हता.

"सुलभा, मला ऐकू येतं आता."

बाईंचं लाटणं थांबलं. मी हातातल्या गोळ्याला पीठ लावत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा लाटायला घेतलं. पोळी नेहमीसारखीच गोल आली, तव्यावर पडली, फुगली. त्या बाहेर गेल्या नाहीत आणि वसंतराव आत आले नाहीत. मी उरलेल्या पोळ्या भराभर आटोपल्या आणि घरी आले.

त्यानंतर ते घर गप्प झालं. आधी ओरडणं ऐकू यायचं, आता काहीच ऐकू येईना. बाई फोन घेऊन गच्चीवर जात. घरात बोलायचं ते कामापुरतं, आणि तेही असं तोलून, की जणू पत्रच लिहीत आहेत. वसंतराव सकाळ-संध्याकाळ खालीच बसून असत. बाकावर त्यांना माणसं भेटत, पण आता ते वाद घालत नव्हते. ऐकत असत फक्त.

उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बंद यंत्र कानामागे लावूनच ते वावरत राहिले. बाईंना कळलं ते एके दुपारी त्यांनी मागून चहाला हाक मारली आणि ते वळले नाहीत तेव्हा. त्या माझ्याकडे वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "गेलं बघ ते." मला वाटलं, आता म्हणतील मी सांगितलं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

अभयचा फोन आला. तो खजील झाला होता. त्याने विक्रेत्याला लिहिलं होतं, त्याला उत्तर मिळत नव्हतं, आणि आता तो आईला म्हणत होता की तूच लिही, तुला यातलं कळतं. बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. आयुष्यभर दुसऱ्या बाजूने लिहिलेलं पत्र त्यांनी या बाजूने लिहिलं. तारीख, यंत्राचा क्रमांक, काय झालं, काय हवं. एकही जास्तीचा शब्द नाही. मला वाचायला दिलं. त्याला कुठे फट नव्हती.

उत्तर आलं. आपल्या गैरसोयीबद्दल खेद, आमच्यावरच्या विश्वासाबद्दल आभार, आणि मधे एक वाक्य: यंत्रात ओलावा शिरल्याची शक्यता असल्याने वॉरंटी लागू होत नाही. यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. मागवलंही नव्हतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना हसू आलं. ते हसणं चांगलं नव्हतं. "कुठेतरी माझ्यासारखीच एक बसली आहे," त्या म्हणाल्या. "हुशार आहे."

पण त्या थांबल्या नाहीत. यंत्राचा क्रमांक त्यांनी बनवणाऱ्या कंपनीला कळवला. ही गोष्ट त्या पहिल्याच दिवशी करणार होत्या, पण यंत्र आल्यावर त्यांनी केली नव्हती. घरात एवढा आनंद असताना तो क्रमांक बघायचं धाडस झालं नाही, असं त्या म्हणाल्या. कंपनीने कळवलं की या क्रमांकाचं यंत्र काही वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका देशात दुसऱ्या कुणाच्या नावावर विकलं गेलं आहे. म्हणजे वसंतरावांच्या कानात जे होतं ते कुणाचं तरी जुनं यंत्र, पुसून, नव्या डब्यात घातलेलं. बाईंनी हे विक्रेत्याला लिहिलं तेव्हा उत्तर आलं नाही. थोड्या दिवसांनी ते पानच उघडेनासं झालं.

कुणाचं असेल ते यंत्र, असं मी सहज बोलून गेले. बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचं. जिवंत माणूस कशाला विकेल?"

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी त्यांच्याकडून कधी पाहिली नव्हती. अकोट्याच्या पहिल्याच केंद्राला फोन करून वेळ घेतली. वॉरंटी किती, दुरुस्ती कुठे, काही विचारलं नाही. अभयने पैसे पाठवतो म्हटलं, त्याला नको म्हणाल्या. मला सोबत चल म्हणाल्या. विश्वामित्री नदीच्या पुलावरून रिक्षा जाताना त्या पर्सचा बंद घट्ट धरून बसल्या होत्या.

केंद्रातल्या मुलीने यंत्र काढून टेबलावर ठेवलं, कागद पुढे केले. बाईंनी पेन उघडलं आणि कुठलीच बाजू न वाचता सही करायला लागल्या. वसंतराव बघत होते. त्यांनी हात पुढे करून कागद बाजूला सरकवला.

बाईंनी मुलीकडून कोरा कागद मागून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आजच घेऊ या. तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात घातला.

"नको," ते म्हणाले. यंत्र नव्हतं, त्यामुळे त्यांचा तो जुना मोठा आवाज परत आला होता आणि बाहेर बसलेले सगळे आत बघायला लागले. "मला जेवढं ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं."

त्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता केल्यावर माणूस उठतो तसे ते उठले आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले. मुलगी विचारत होती की काका पुन्हा कधी येतील. बाईंनी पेनचं टोपण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं.

त्यानंतर अभयने खूप प्रयत्न केले. येऊन समजावलं, लिहून समजावलं, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतो म्हणाला. वसंतराव त्याच्याशी प्रेमाने वागत, त्याच्या पाठीवर हात ठेवत आणि मान हलवत. त्या तुळशीच्या लग्नाच्या दिवशी काय झालं ते अभयला माहीत नव्हतं. त्याला वाटत राहिलं की आपण जुनं यंत्र आणलं म्हणून बाबांचा विश्वास उडाला. बाईंनी त्याला खरं सांगितलं नाही, आणि मी सांगण्याचा प्रश्न नव्हता.

सोसायटीतलं काम बाईंनी सोडून दिलं. कुणी मोबाइल, कुणी घड्याळ दाखवायला आलं तर बघायच्याही नाहीत. घ्या म्हणायच्या. फक्त बिपीनभाई एकदा त्यांच्या आईसाठी श्वासाचं यंत्र बाहेरून मागवायचं म्हणून विचारायला आले तेव्हा बाईंनी त्यांना बसवलं, दोन दिवस लावून सगळं तपासलं आणि नको म्हणून सांगितलं. या वेळी बिपीनभाईंनी ऐकलं. आभार मात्र मानले नाहीत. कदाचित त्यांना अजून वाटत असावं की बेन फार शंका घेतात.

घरातला "काय?" पुन्हा सुरू होईल असं मला वाटलं होतं. तो झाला नाही. वसंतराव आता विचारतच नसत. बाई काही बोलल्या की ते त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता मान डोलवत, आणि जे करायचं ते आपल्या मनाने करत.

पुढे आम्ही ती जागा सोडली. अभय त्या दोघांना बंगळूरला नेणार असं कानावर आलं होतं. ते जाण्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. मांजलपूरच्या बँकेत पेन्शनवाल्यांची गर्दी होती, त्यांना हयातीचा दाखला द्यायचा होता. काम उरकून दोघं बाहेरच्या कट्ट्यावर रिक्षाची वाट बघत बसली होती. मी मागच्या बाजूने येत होते, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. बाई वसंतरावांच्या बाजूला सरकून, त्यांच्या बाहीला दोन बोटांनी धरून बोलत होत्या. त्या दुसऱ्या आवाजात.

"तेव्हा बोलले ते तसं नव्हतं हो. इतकी वर्षं बोलायची सवय झाली होती. मनात तसं नव्हतं."

बाईंनी आवाज चढवला असता तर ते वसंतरावांना ऐकू गेलं असतं. पण मग ते साऱ्या रस्त्याला ऐकू गेलं असतं. लिहून दिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. पण कागदावर खेद कसा लिहितात हे बाईंइतकं कुणाला माहीत होतं? त्या बोलत राहिल्या. थांबून, शब्द शोधून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी काही न तोलता. वसंतराव ताठ बसून रस्त्याकडे बघत होते.

"आली रिक्षा," ते म्हणाले, एवढ्या मोठ्याने की रांगेतली माणसं वळली. आणि बाही सोडवून घेत उभे राहिले.